कॅमेरा सारखा पायांकडेच का बघतो?

आमच्या बॅकग्राउंड आर्टिस्टच्या मशीनवर गेमचा कॅमेरा गरगर फिरतो, ही तक्रार टेस्टिंगने ‘आमच्याकडे होत नाही’ असं लिहून परत पाठवली होती. संध्याकाळी बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, बाहेर जायची होती. लॉग, म्हणजे गेमने ठेवलेल्या नोंदी, मागवत बसण्यापेक्षा मी सरळ तिच्या डेस्कवर गेलो.

तिने गेम लावून दाखवला. कॅमेरा स्वतःभोवती भिरभिरतोय आणि नजर बुटांवर.

‘‘कधी वर आकाशाकडे जातो का गं?’’

‘‘छे, कायम खालीच. वैताग आलाय नुसता.’’

तिच्या हातात माउस नव्हताच, पेन टॅब्लेटचा पेन होता. मनगट दुखतं म्हणून ती मेलसुद्धा पेननेच उघडते. हे टेस्टिंगला मुद्दाम सांगावं असं तिला वाटलं नाही, आणि का वाटावं?

‘कायम खालीच’ यातच सगळं आलं. मागच्या वेळेपासून आपण किती सरकलो, हे माउस विंडोजला कळवतो. डावीकडे किंवा वर गेला तर आकडा उणे. रॉ इनपुटमधले, म्हणजे विंडोज जसेच्या तसे पुढे देते ते, हे आकडे उचलून आमचा जुना कोड कॅमेऱ्याच्या कोनात मिळवत होता. तिचा पेन मात्र आपण कुठे आहोत ते कळवत होता, ० ते ६५,५३५ या मापात. हा आकडा जागेचा आहे, सरकण्याचा नाही, असा फ्लॅगही, म्हणजे खुणेचा आकडा, सोबत येतो. तो कोणी वाचतच नव्हतं. पेन मधोमध असला की दर मेसेजला बत्तीस हजारांच्या आसपास भर पडायची. जागेचा आकडा उणे होत नाही, म्हणून नजर खाली ती खालीच.

उपाय वजाबाकीचा: आधीची जागा लक्षात ठेवायची, नव्यातून वजा करायची. पण ६५,५३५ ची पट्टी रुंदीला तीच आणि उंचीलाही तीच. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर आडव्या पिक्सेलला साधारण ३४ एकक पडतात, उभ्याला ६० च्या वर. तशीच वजाबाकी केली तर वर-खाली बघणं जवळपास पावणेदोन पट वेगाने होतं. म्हणून आधी पिक्सेल करून घेतले.

खरा वेळ खाल्ला तो पेन उचलण्याने. टॅब्लेटची कड आली की ती पेन उचलून पुन्हा मध्ये आणते, आणि वजाबाकीला ती उडीही हालचालच वाटते. मग कॅमेऱ्याला असा हिसका बसायचा की बघणाऱ्याला मळमळावं. पेन दूर गेल्याचं या आकड्यांत वेगळं येत नाही. पण टॅब्लेटजवळ धरलेला हात थोडा तरी थरथरतोच, त्यामुळे मेसेज येत राहतात. ते क्षणभर थांबले आणि एकदम लांबचा आकडा आला, तर तो नुसती नवी सुरुवात धरायचा. क्षणभर म्हणजे किती, हे तिच्याच शेजारी बसून ठरवलं. ‘‘आता अडकतंय,’’ ‘‘आता बरंय,’’ असं करत करत.

बिल्ड उशिरा का होईना, गेली. मग जुनी तिकिटं चाळली, तर रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे ऑफिसचं मशीन नेटवरून चालवत, घरून काम करणाऱ्या एकाची हुबेहूब हीच तक्रार ‘नेटवर्क लॅग’ म्हणून बंद केलेली सापडली. तिथेही माउसची जागाच येत होती. नव्या बिल्डमध्ये त्याचं गरगरणं थांबलं. कर्सर स्क्रीनच्या कडेला टेकला की त्याचा कॅमेरा पुढे वळत नाही, ते तिकीट मात्र अजून उघडंच आहे.