तुम्ही विचारलंत म्हणून: मी बटणांची तयार फाईल का देत नाही

"भाऊ, तुमची सगळी बटणं लावलेली फाईल पाठवा ना." मी लोकांना डीसीएस हा कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम बसवून देतो, त्यात विमानाचं कोणतं काम कोणत्या बटणावर हे आधी लावावं लागतं, म्हणून हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्याच्या पाठोपाठ येतं, "नाहीतर एनीडेस्कवर या आणि तुम्हीच लावून द्या, मला त्यातलं काही कळत नाही." (एनीडेस्क म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायची सोय.) मी नाही म्हटलं की तिसरं वाक्य येतं, ते तोंडावर कोणी बोलत नाही पण फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचतं: याला आता भाव चढलाय, आधी द्यायचा, आता नुसत्या चौकश्या करतो.

चौकश्या करतो हे खरंय. स्टिक (विमान उडवायचा दांडा, जॉयस्टिक) कोणती, लॅपटॉप की डेस्कटॉप, नमपॅड (कीबोर्डच्या उजव्या कडेची आकड्यांची बटणं) आहे का, यूएसबीला अजून काय काय लावलंय, डाव्या बाजूच्या यादीत कोणतं विमान निवडून बटणं लावली. तुम्हाला हे पोलीस स्टेशनसारखं वाटतं. पण डीसीएस ज्यांनी टाकलंय त्यांना माहितीये, फुकट मिळणाऱ्या सुखोई 25 टी च्याच दोन याद्या असतात, एक सिम (खऱ्यासारखं उडवायची) आणि एक गेम (सोपी). पोरगं दोन तास बसून गेमच्या यादीत बटणं लावतं आणि उडवतं सिममध्ये, मग रात्री अकराला मला फोन, की भाऊ एकही बटण चालत नाही. दुसरा विचारतो टीएफ 51 मधून गोळ्या का सुटत नाहीत, अरे बाबा त्या विमानाला बंदूकच नाही, ते शिकायचं विमान आहे. तिसऱ्याच्या लॅपटॉपला नमपॅड नाही आणि इकडं तिकडं बघायची बटणं सगळी नमपॅडवर. या तिघांना माझी फाईल देऊन काय होणार होतं सांगा.

इन्स्टॉलचं मी आजही सगळं करून देतो, त्यात कधी नाही म्हटलेलं नाही. शंभर जीबीच्या वरचा डाऊनलोड, आपल्याकडे दुपारी लाईट जाते, राऊटर बंद पडतो, मध्येच तुटलेली फाईल राहते आणि गेम उघडताना काळा पडदा. मी जळगावात गोलाणी मार्केटमधल्या दुकानात बसतो, हार्ड डिस्क घेऊन या, पूर्ण फोल्डर कॉपी करून देतो, घरी जाऊन फक्त अपडेटरचं रिपेअर चालवायचं, जे कमी असेल ते तो आणून भरतो. अँटीव्हायरसने एखादी फाईल गिळली असेल तर तीही त्यातच सापडते. जुन्या सीडी घेऊन येणाऱ्यांना मात्र हात जोडतो. 2000 सालच्या आसपासच्या बऱ्याच गेमना कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्कचं कुलूप होतं आणि विंडोज 10 ते कुलूप ओळखतच नाही, त्यात माझा काही दोष नाही.

म्हणजे प्रश्न फक्त बटणांचा आहे.

आधी मी द्यायचो. लॉकडाऊनमध्ये तर ज्याने मागितली त्याला दिली, चोपडा, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, कुठे कुठे गेली असेल देव जाणे. तेव्हा माझं म्हणणं साधं होतं, की पोराला आधी हवेत जाऊ दे, एकदा जमिनीवरून उठलं की बाकीचं तो आपोआप शिकेल, आणि पहिल्याच दिवशी ॲक्सिस, कर्व्ह, डेडझोन असलं डोक्यात घातलं तर तो गेम डिलीट करून मोकळा होतो. हे म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही छातीठोक सांगता येत नाही. फाईलच्या नावात प्रत्येक स्टिकचा वेगळा लांबलचक नंबर असतो म्हणून माझी फाईल तुमच्याकडे चालत नाही, असं मी आता लोकांना सांगतो ना, ते अर्धंच खरं आहे. नुसती फोल्डरमध्ये टाकली तर चालत नाही, पण लोड प्रोफाईल दाबून ती घेता येते आणि बरीचशी चालते. मी हे कारण पुढे करतो कारण खरं कारण सांगायला वेळ लागतो. आज सांगतो.

पारोळ्याकडचे एक काका आहेत. नाव सांगणार नाही. हवाई दलात एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करायचे, नोकरीची बहुतेक वर्षं मिग 21 वर गेली. उडवलं कधीच नाही, फक्त खालून बघितलं, पत्रे काढले, बसवले, तपासले. रिटायर होऊन गावी आले, शेती बघितली, आणि मुलाने जुना डेस्कटॉप दिला तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं की मिग 21 चं सिम्युलेटर मिळतं. स्टिक त्यांनी माझ्याच दुकानातून नेली, म्हणजे मुलगा येऊन घेऊन गेला, लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो, बारा बटणं, मूठ पिळली की रडर, म्हणजे विमानाचं नाक डावं-उजवं करायचा शेपटीचा पत्रा. इन्स्टॉलही मीच करून दिलं. नंतर चार महिने फोन नाही. मला वाटलं सोडून दिलं असेल.

मे 2023. दुपारची वेळ, पंचेचाळीसचं ऊन, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. काकांचा फोन आला. "बेटा, विमान आपोआप एका अंगाला ओढतंय, आणि थ्रॉटल माझ्या हाताशिवाय वरखाली होतोय." ज्याने हे थोडंफार केलंय त्याला ऐकूनच कळेल काय झालं होतं. सुट्टीत नातू आला होता, त्याने त्याचा गेमपॅड यूएसबीला लावून ठेवला होता. नवीन काही जोडलं की डीसीएस स्वतःहून त्यालाही ॲक्सिस (रडर, इंजिनाचा थ्रॉटल अशा सरकत्या हालचाली) वाटून टाकतं, मग एकच रडर दोन ठिकाणाहून ओढला जातो. उपाय काय, गेमपॅडचा कॉलम निवडायचा, तेवढा क्लिअर करायचा, संपलं. दोन मिनिटं. किंवा गेमपॅड उपटून बाजूला ठेवायचा, दोन सेकंद.

मी एनीडेस्कने आत गेलो आणि मिगची यादी उघडली. आणि मला तिथे सगळा गोंधळ दिसला. चाकाचा ब्रेक स्पेसबारवर. ब्रेकचं पॅराशूट एका भलत्याच अक्षरावर. मुठीच्या रडरची जागा रिकामी. पिचचा, म्हणजे नाक वरखाली करायचा कर्व्ह (स्टिक किती हलवली की विमान किती हलेल ते) असा वाकडा की मी तसला कधी कुणाचा बघितला नव्हता, सॅच्युरेशन (त्या हालचालीची वरची मर्यादा) पण कमी केलेलं. मला वाटलं नातवाने खेळता खेळता सगळ्याची वाट लावलीये. आणि मी विचारलं नाही. एवढंच आहे बघा माझं, फोन कानाला होता, काका पलीकडे होते, "काका, ब्रेक स्पेसबारवर तुम्ही ठेवलाय का" एवढं एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. बाहेर दोन गिऱ्हाईकं उभी होती आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

क्लिअर ऑल केलं. त्यावरही समाधान झालं नाही, मुळापासून साफ करू म्हणून सेव्हड गेम्समधल्या कॉन्फिगच्या आतला इनपुट फोल्डर शिफ्ट डिलीटने उडवला. शिफ्ट डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही नाही. मग माझी फाईल लोड केली आणि काकांना सांगितलं, बघा आता कसं लोण्यासारखं उडेल. ते थँक्यू बेटा म्हणाले. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागलो, दिवसभरात मला त्याची परत आठवणही आली नाही.

आठवड्याने काकूंचा फोन आला. भांडायला नाही, नुसतं विचारायला, की "तुम्ही त्या कॉम्प्युटरला काय केलं? हे आता त्याच्यापुढे बसतच नाहीत."

रविवारी एसटीने गेलो. तेव्हा पहिल्यांदा त्यांना समोरासमोर बघितलं आणि कळलं की काकांना लकवा होऊन गेला होता. बोलण्यावर परिणाम नव्हता म्हणून फोनवर कधी जाणवलं नाही. उजवा हात टेबलावर ठेवला की तिथेच राहायचा, तळव्याने एखादी वस्तू ढकलता यायची, धरता यायची नाही. स्टिक डाव्या हाताला, फळीला सुतळीने घट्ट बांधलेली. ही स्टिक उजव्या हातासाठीच घडवलेली आहे, डाव्या हातात धरली की अंगठ्याचं बटण भलत्या बाजूला जातं, आणि मूठ पिळायला त्यांच्या मनगटात जोर नव्हता.

मग त्यांनी मला टेबलाखाली बघायला सांगितलं. खाली जेवायला बसायचा लाकडी पाट, पाटावर जुना कीबोर्ड, त्याची सगळी बटणं उपसून काढलेली, फक्त पाच शिल्लक. स्पेसबारवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली, अंगठा घसरू नये म्हणून. पायाच्या बोटांनी चालवायचे. उरलेल्या चारात रडरची दोन, डावं-उजवं, एक पॅराशूटचं, एक चाकं वर घ्यायचं. ज्याला मी गोंधळ म्हटलं ते हे होतं.

आणि मिगला नेमका ब्रेकच लागतो. त्याचं पुढचं चाक मोकळं असतं, पायलटला ते वळवता येत नाही. मुठीवरचा ब्रेकचा दांडा दाबून धरायचा आणि रडर द्यायचा, मग हवेचा दाब एका बाजूच्या चाकाला जास्त जातो आणि विमान वळतं. काकांनी आयुष्यभर हेच ब्रेक तपासले होते, ते मला समजावून सांगत होते आणि मी खाली मान घालून ऐकत होतो. माझ्या फाईलमध्ये ब्रेक उजव्या हाताच्या अंगठ्यावर होता. म्हणजे आठवडाभर त्यांना विमान उभं होतं तिथून धावपट्टीपर्यंतसुद्धा नेता आलं नव्हतं. ते इंजिन चालू करायचे आणि बंद करायचे.

मी म्हटलं काका आपण सगळं परत बसवू. तीन रविवार गेलो. ब्रेक बसला, पॅराशूट बसलं, रडर बसला. पिच बसेना. मी विचारलं कर्व्हचा आकडा किती होता, ते म्हणाले आकडा कुठे लिहिला बेटा, हाताला लागेल तसं थोडं थोडं सरकवत गेलो. चार महिन्यांचं थोडं थोडं. आम्ही वीस केलं, पंचवीस केलं, तीस केलं, सॅच्युरेशन खाली घेतलं, परत वर घेतलं. मिग धावपट्टीच्या तोंडाशी ताशी 300 किलोमीटरच्या वर वेगाने येतं, तिथे नाक केसभर जास्त उचललं तरी विमान फुगून वर जातं आणि मग आदळतं. आधी त्यांना उतरवता येत होतं, काकूंनी पण सांगितलं, उतरलं की हाक मारायचे म्हणे, ये बघायला. माझ्यासमोर तीन रविवारात एकदाही नीट उतरलं नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी स्टिकवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे बेटा, तुनी काय चूक शे." रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना काकूंनी शेवभाजीचा डबा दिला.

आता तुम्ही म्हणाल, आणि एकाने म्हटलंही, की ही एका माणसाची गोष्ट, आम्हाला कुठे लकवा झालाय, आमचे दोन्ही हात धड आहेत, आम्हाला का शिक्षा. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी एवढंच सांगू शकतो की फोनवर मला तुमचा हात दिसत नाही. टेबलाखाली काय आहे ते दिसत नाही. यादीत मला वाकडं दिसतं ते तुमचं सरळ असू शकतं. म्हणून मी आधी विचारतो, आणि कुणी काही बदलायला सांगितलं तर आधी इनपुट फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करायला लावतो, आणि कंट्रोल्सच्या पानावर मेक एचटीएमएल म्हणून बटण आहे ते दाबून सगळी यादी काढून ठेवायला लावतो. त्याचा तुम्हाला कंटाळा येतो हे मला दिसतं. येऊ दे.

पण मीच कधी कधी स्वतःला विचारतो, की चूक फाईल देण्याची होती का न विचारण्याची? फाईल देऊनही विचारता आलं असतं. मग मी फाईल का बंद केली? कदाचित मला माझ्यावर भरोसा राहिला नाही म्हणून. परत एखाद्या दुपारी दोन गिऱ्हाईकं उभी असतील आणि मी परत तेच करेन अशी भीती आहे. हे तुमच्या भल्यासाठी आहे असं मी सांगत आलो, त्यात माझी सोय किती आणि तुमचं भलं किती, मला नीट वेगळं काढता येत नाही.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग 21 ला निरोप दिला, 1963 पासून सेवेत होतं ते विमान. टीव्हीवर बघितलं आणि काकांना फोन लावला. अर्धा पाऊण तास बोलले, नाशिकजवळ ओझरला ही विमानं बांधायचे त्याबद्दल, थंडीत पहाटे गार पत्र्याला हात लावल्यावर कसं व्हायचं त्याबद्दल. सिम्युलेटरचा विषय त्यांनी काढला नाही. पाटावरचा कीबोर्ड अजून टेबलाखाली आहे का हे मी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही विचारलं.

आणि गेल्या महिन्यात शहाद्याचा एक मुलगा. सूतगिरणीत शिफ्ट करतो, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. म्हणाला, दादा मला काही शिकायचं नाहीये, मला फक्त एकदा उडवून बघायचंय, द्या ना फाईल. मी नेहमीसारखे प्रश्न सुरू केले, स्टिक कोणती, यूएसबीला काय काय आहे. तो म्हणाला बघून सांगतो. त्याची स्टिक माझ्यासारखीच निघाली असती तर पाच मिनिटांत तो हवेत असता. त्याचा परत फोन आलेला नाही, आणि त्याचा नंबर मी अजून सेव्ह करून ठेवलाय.