सव्वासातशे किलोंचं वेड

रविवार इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये लोटस एलिस या छोट्या स्पोर्ट्स कारच्या वेड्यांच्या गोतावळ्यात गेला. लोटसचा हेथेलचा कारखाना इथून जवळच. जो तो इंजिनाचं झाकण उघडून कौतुक सांगत उभा!

एका निवृत्त काकांनी १९९६ च्या पहिल्या पिढीतल्या एलिसमधून फेरी मारून आणली. आत शिरणं म्हणजे आधी योगासनं. इंजिन १.८ लिटरचं, ताकद जेमतेम ११८ अश्वशक्ती. आपल्याकडे कुणी नाक मुरडेल. पण अख्खी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास! अ‍ॅल्युमिनियमची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वेल्डिंगने नाही, चक्क एपॉक्सी गोंदाने चिकटवलेली, आणि ती फक्त ६८ किलोंची. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. वळणावर काकांनी ब्रेक फारसा लावलाच नाही. मीच पाय दाबून बसलो होतो.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याचा हट्टच होता, वजन कमी करा. आजच्या अडीच टनी एसयूव्ही बघून त्याने कपाळावर हात मारला असता.

(एलिस हे नाव तेव्हाचे मालक आर्टिओली यांच्या नातीवरून, एलिसावरून.)

घरी विषय काढलाय. आठवड्याचा किराणा मावतो का, एवढंच बायकोने विचारलंय.