चाकोरी

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, 17 वर्षे काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता माझगावकडे एका इमारतीच्या पायाखोदाईवर सुरक्षा पर्यवेक्षक आहे. जानेवारीतल्या एका सकाळी पोकलेनच्या बकेटला साडेतीन मीटर खोलीवर लोखंड खणकले. टोकाकडे निमुळते झालेले ते गंजके नळकांडे पाहून बीडकडचा तरुण ऑपरेटर उडी टाकायच्या बेतात होता. "मशीन बंद कर, आणि साखळीच्या चाकोरीतूनच मागे ये, बाजूला पाय टाकू नकोस!" मी ओरडलो.

साइट इंजिनिअर वैतागून म्हणाले, "हवालदारसाहेब, ही बॉर्डर नव्हे." खरे होते. पण जवळच्याच व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी दारूगोळ्याने भरलेले फोर्ट स्टिकीन जहाज दोन स्फोटांत फुटले, 66 अग्निशामक जवान गेले, आणि स्फोटात उडालेल्या वस्तूंचा नकाशा कुणी काढत नाही.

सुरुंगांचा काढतात. संसदेवरील हल्ल्यानंतर, ऑपरेशन पराक्रममध्ये, राजस्थानच्या सीमेवर आम्ही सुरुंग पेरले तेव्हा प्रत्येक ओळ मोजून नोंदवली होती. ऑक्टोबर 2002 मध्ये फौजा मागे घेण्याचे ठरल्यावर तेच उपसायला बसलो. पेरायला एक दिवस लागलेला पट्टा उपसायला आठवडे लागत, कारण वाळू सरकते आणि सुरुंगालाही सोबत नेते. पांढऱ्या फितीच्या आत पोटावर पडून प्रॉडर, म्हणजे जमीन चाचपायची सळई, तिरका टोचत जायचे, कारण तो उभा धरला तर दाब नेमका सुरुंगाच्या माथ्यावर येतो. एका पट्ट्यात संख्या एकने कमी भरली. तीन दिवस जेवण गोड लागले नाही. शेवटी नोंदीच्या जागेपासून सहा-सात पावलांवर, खेजडीच्या झाडाच्या मुळाशी तो सापडला. गिरगाव चौपाटीवर आजही माझा पाय पुढच्याच्या पाऊलखुणेत पडतो आणि मुलगी हसते.

बॉम्बशोधक व नाशक पथक आले, सगळ्यांना रस्त्यापलीकडे हटवून त्यांनी दोन तास तपासणी केली. तो वायूचा जुना, रिकामा सिलिंडर निघाला. अर्धी पाळी वाया गेल्याचे इंजिनिअरांनी अहवालात लिहिले, ते त्यांचे कामच होते. मी रजिस्टरमध्ये खोली आणि कुंपणभिंतीपासूनचे अंतर लिहिले.

"रिकाम्या सिलिंडरचे अंतर कशाला?" त्यांनी विचारले.

मी सही करून वही त्यांच्यापुढे सरकवली.