पाइपातला व्हॅनिला लागतो कुणाला?

ब्रेमेन हे जर्मनीतलं तंबाखूचं जुनं बंदर. इथल्या पाइपच्या दुकानात सुगंधी तंबाखूच्या काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात आणि झाकण उघडून वास घ्यायला कुणी अडवत नाही. व्हॅनिला, चेरी, रम, चॉकलेट. घासाघीस मात्र विसरा. पाकिटावर चिकटवलेल्या कराच्या पट्टीवर किंमत छापलेली असते आणि त्याहून कमी भावात विकायला दुकानदाराला कायद्यानंच बंदी आहे.

वास घेऊन घेऊन मी बरेच फ्लेवर घरी आणले. व्हॅनिलाची बरणी उघडली की खोलीभर घमघमाट. पण पाइप पेटवल्यावर जिभेवर काय येतं? किंचित गोडसर, गरम वाफ. व्हॅनिला जातो समोर बसलेल्याच्या नाकात. माझी घरमालकीण एरवी सिगारेटच्या नावानं खडे फोडते, ती चेरीचा डबा उघडला की खुर्ची ओढून जवळ येते.

हा वास पानात मुरवतात कसा, तेही ऐका. बर्ली नावाचं पान हवेवर वाळवतात. त्यात साखर जवळपास उरतच नाही, म्हणून ते गोड पाक भरपूर पितं. व्हर्जिनिया गरम हवेच्या भट्टीत वाळतं, त्याची स्वतःची साखर टिकते. कॅव्हेंडिश ही तर पानाची जातच नव्हे. वाफ, उष्णता आणि दाब देऊन पान मऊ, काळसर करायची ती पद्धत. शेवटी वरून अर्काचा फवारा. तंबाखू वाळू नये म्हणून त्यात बहुतेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉलही घालतात. त्यामुळे असला तंबाखू ओलसर राहतो, आणि घाईनं झुरके मारले की वाफेनं जीभ पोळते. मी आता भरण्याआधी तो कागदावर थोडा वेळ पसरून ठेवतो.

युरोपियन युनियननं 2014 च्या नियमांत सिगारेट आणि हातानं वळायच्या तंबाखूतले असले फ्लेवर बंद केले. मेंथॉल 2020 मध्ये गेलं. पाइपच्या तंबाखूला सूट राहिली.

लाटाकिया नावाच्या तंबाखूचं प्रकरण वेगळं. त्यात अर्क नसतो, सायप्रसमध्ये लाकडाच्या धुरावर पान शेकतात. हुरड्याच्या आगटीजवळ बसून आल्यावर शर्टाला जो वास राहतो, तसाच. मला तो पहिल्याच झुरक्याला आवडला. घरमालकीणबाई उठून गेल्या.

गेल्या खेपेला लातूरला आलो तेव्हा एक व्हॅनिलाचा डबा बरोबर घेतला. कस्टम्समध्ये प्रवाशाला 125 ग्रॅम तंबाखू चालतो, डबा त्यात बसला. आप्पांनी चिमूटभर घेऊन नाकाशी धरला.

"वास झ्याक हाय. पर ह्याला चुना कुठं लावायचा?"

पाइप ओढताना बघून म्हणाले, "आन् धूर आत घेत न्हाईस? मग काय करलालास रं नुसतं?"

आप्पांच्या चुन्याच्या प्रश्नात रसायनशास्त्र होतं. चुन्यानं तंबाखू अल्कधर्मी होतो आणि निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. बर्लीसारख्या हवेवर वाळवलेल्या पानाचा धूरही अल्कधर्मी असतो, म्हणून तो छातीत न ओढताही तलफ भागते. तोंडाच्या कॅन्सरपासून त्यानं सुटका होत नाही, हे आप्पांनाही सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि डबी काढून चुना मळायला घेतला. गावात मिसरी लावणाऱ्या एक आजी तर तो डबा हुंगून म्हणाल्या, "हे तर केकात घालायचं."

गावाकडच्या मंडळींनो, पुढच्या वेळी फ्लेवरचे डबे मागवू नका, आणणार नाही. तिथं सगळ्यांना कडक पाहिजे, आणि वासाला विचारतो कोण? मीही आता बहुधा साधं व्हर्जिनियाच भरतो, ते सावकाश ओढलं तर आपली गोडी आपणच देतं. चेरीचा डबा असतो घरात. घरभाड्याची बोलणी करायची असली की उघडतो.