कासच्या पठारावर कुठली लेन्स न्यावी?

सप्टेंबर संपता संपता रानफुलांनी बहरलेल्या कासला जाऊन आलो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर. मुद्दाम आडवारी गेलो आणि प्रवेशाचं बुकिंग आधीच ऑनलाइन केलं. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी तरी शनिवार-रविवार टाळावाच, कारण गर्दीत पायवाटेवर गुडघा टेकायलाही जागा मिळत नाही.

पठार एवढं ऐसपैस, म्हणून बहुतेक जण वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य सामावणारी लेन्स लावूनच गाडीतून उतरतात. माझं मत नेमकं उलट आहे. वाइड लेन्समध्ये पायापाशी असलेलं तेवढं मोठं दिसतं, मागचं सगळं बारीक होत जातं आणि फुलांमधला कातळ, चिखल उघडा पडतो. फोटोत आपण पाहतो तो तेरड्याचा गुलाबी गालिचा ७०-२०० मिलिमीटरच्या टेलिफोटोने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने मिळतो. जरा खाली बसायचं, १५० च्या पुढे झूम करायचं, की एकामागचे एक ताटवे दाटून येतात. मधूनच सोनकीचा पिवळा पट्टा आला तर तो आडवा घ्यावा, सुंदर दिसतो. शिवाय पायवाट सोडून आत जायला मनाई आहे, आणि ती हवीच. कातळावर मातीचा थर अगदी पातळ, त्यात एका पावलाखाली किती रोपं जातील सांगता येत नाही. कुमुदिनी तलावावर तर फुलं पाण्यात, तिथेही हीच लेन्स.

पण मी जास्त वेळ रमलो तो मॅक्रोत, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो घेण्यात. वाटेच्या कडेलाच ओल्या मातीत दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती होती. तिच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. एका थेंबाला चिलट अडकलं होतं आणि एक पाय अजून हलत होता. नुसत्या डोळ्यांना हे दिसलंच नसतं. शेजारची सीतेची आसवंही कीटकभक्षीच, पण तिचे सापळे मातीत दडलेले. वर दिसतं ते फक्त नाजूक जांभळं फूल.

अशा फुलांसाठी ९० किंवा १०० ची मॅक्रो घ्या. ६० ची हलकी असते, पण पूर्ण जवळ गेल्यावर लेन्सचं तोंड फुलापासून जेमतेम चार बोटांवर येतं आणि आपलीच सावली पडते. १०० ला साधारण १५ सेंटिमीटर अंतर राहतं. इतक्या जवळून एफ ८ अ‍ॅपर्चरलाही (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि फोकसमधला भाग जास्त) एक-दोन मिलिमीटरच फोकसमध्ये असतं, त्यामुळे एफ ११ ठेवा. पठारावर वारा सतत असतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवायला कचरू नका, शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद नको, नाहीतर हलतं फूल अस्पष्ट येतं. मॅक्रो परवडत नसेल तर ५० च्या लेन्समागे एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावूनही छान काम होतं.

वाइड घरी ठेवा असं नाही. धुकं फाटून ढग खाली उतरले, की वाटेकडेच्या गेंद या रानफुलाच्या पांढऱ्या गोंड्यांसमोर कॅमेरा जमिनीलगत धरा आणि आभाळ भरपूर घ्या. एवढ्यासाठी मोबाइलही पुरतो.

ओझं कमी करायचं असेल तर टेलिफोटो आणि मॅक्रो, एवढ्या दोनच न्या. भुरभुर चालू असताना लेन्स बदलू नका. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) असेल तर लावा, ओल्या पानांवरची चकाकी जाते. आणि घाटात गाडीचा एसी बंद ठेवा, नाहीतर थंडगार काच बाहेरच्या दमट हवेत येताच धुरकटते आणि सकाळचा चांगला प्रकाश ती पुसण्यातच जातो.