फॅनफिकमधून फॅनफिक उचलणाऱ्यांबद्दल थोडं

फॅनफिक्शनमध्ये, म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींमध्ये, कुणी कुणाचं काय चोरलं यावर भांडण सुरू झालं की एक जण हमखास येतोच आणि म्हणतो, अहो तुम्ही सगळेच दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिता, मग चोरीच्या गप्पा तुम्ही कशाला मारताय. मग लगेच दुसरा कुणीतरी महाभारत काढतो, की गोष्टी अशाच एकाकडून दुसऱ्याकडे जात आल्यात, मूळ असं काही नसतंच वगैरे. मला आता दोघांचाही कंटाळा आलाय. कारण दोघंही मूळ लेखक आणि फॅन एवढ्यावरच अडकून बसलेत, आणि खरी गुंतागुंत आहे ती फॅन आणि फॅनमधली.

मूळ कलाकृतीतून घेणं हे उघड्यावर चालतं ना. वाचणारा त्या पात्रांसाठीच आलेला असतो, टॅगमध्ये फॅन्डमचं, म्हणजे त्या कलाकृतीच्या चाहत्यांच्या गोतावळ्याचं, नाव असतं, नोटमध्ये 'ही पात्रं माझी नाहीत' असं लिहिलेलं असतं (त्या डिस्क्लेमरला कायद्यात फारशी किंमत नाही, पण लोक अजून मंत्रासारखं लिहितात). म्हणजे कुणाचीच फसवणूक होत नाही. लेखकाला ते आवडेल का हा वेगळा प्रश्न. अ‍ॅन राइस या व्हॅम्पायर कादंबऱ्यांच्या लेखिकेला अजिबात आवडायचं नाही, तिने 2000 मध्ये स्पष्ट सांगितलं की माझ्या पात्रांवर फॅनफिक नको, आणि फॅनफिक्शन डॉट नेट या फॅनफिकच्या साइटवरून तिच्या पुस्तकांवरच्या गोष्टी काढल्या गेल्या. माझं मत विचाराल तर लेखक नको म्हणाला म्हणून कुणी आपल्या मनात किंवा आपल्या चार मैत्रिणींसाठी लिहू नये असं नाही, पण ते त्या लेखकाला टॅग करून त्याच्या नाकासमोर नेऊन धरणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. बरेच लेखक तर मुद्दामच आपल्या पात्रांवरचं फॅनफिक वाचत नाहीत, उद्या कुणी म्हणायला नको की तुमच्या नव्या पुस्तकातली कल्पना माझी होती. ते बरंच आहे. हा विषय माझ्यापुरता इथे संपला.

आता फॅन्डमच्या आतलं. कॅननमध्ये, म्हणजे मूळ कलाकृतीत, एखाद्या पात्राच्या आईचं नावच दिलेलं नसतं, कुणीतरी एका लांबलचक फिकमध्ये तिला नाव देतं, वाचकांना आवडतं, दुसरी वापरते, तिसरी वापरते, आणि काही वर्षांनी नवीन आलेल्या माणसाला शपथेवर विचारलं तरी तो सांगेल की हे नाव मूळ पुस्तकातच आहे. याला फॅनॉन म्हणतात आणि ते कुणा एकाचं राहत नाही. ज्या बाईने पहिल्यांदा ते नाव ठेवलं तिला कळलं तर ती बहुतेक खूशच होईल. ट्रोपचं, म्हणजे गोष्टीगोष्टींतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक प्रसंगांचंही तेच, 'एकच पलंग' किंवा 'खोटंखोटं लग्न' यावर कुणी हक्क सांगायला लागलं तर आपण सगळेच आत जाऊ.

ओमेगाव्हर्स, म्हणजे जिथे माणसांचे अल्फा, बीटा, ओमेगा असे प्रकार असतात ते काल्पनिक जग, त्याचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. 2010 च्या आसपास 'सुपरनॅचरल' या मालिकेच्या फॅन्डममध्ये त्याची सुरुवात झाली, मग दुसऱ्या फॅन्डममधल्या लोकांनी उचललं, त्यात आपापले नियम घातले, काहींनी अख्खी समाजरचना बनवली, आणि यात कुणाला पैसे नाहीत की काही नाहीत. पुढे काही जणींनी त्याच जगातल्या स्वतंत्र कादंबऱ्या विकायला सुरुवात केली, आणि 2018 मध्ये एका लेखिकेच्या बाजूने दुसरीच्या पुस्तकांवर कॉपीराइटच्या नोटिसा गेल्या, पुस्तकं दुकानांतून उतरवली गेली, प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात पोचलं. म्हणजे जी गोष्ट शेकडो लोकांनी फुकट मिळून बांधली तिच्यावरून दोन जणी भांडल्या आणि बांधणारे बाहेर उभे राहिले. तेव्हापासून मला वाटतं की सामायिक गोष्टीतून घ्यायला काहीच हरकत नाही, पण तिला कुंपण घालणं हे घेण्यापेक्षा वाईट.

ओसी म्हणजे लेखिकेने स्वतः घडवलेलं पात्र, ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. वाक्यं तर नाहीच नाही. आता मूळ मालिकेतला गाजलेला डायलॉग पात्राच्या तोंडी टाकला तर ती चोरी नाही, कारण वाचकाने तो ओळखावा हीच अपेक्षा असते. ओळखलं जावं म्हणून घेतलेलं आणि ओळखलं जाऊ नये म्हणून घेतलेलं, मला वाटतं बहुतेक सगळा निवाडा इथेच होतो. कोणाचं घेतलं आणि किती घेतलं हे त्यानंतर.

खरी अडचण येते ती वाक्य एकही सारखं नाही पण सांगाडा तोच आहे अशा ठिकाणी. मी अधूनमधून बीटा रीडिंग करते, म्हणजे पोस्ट होण्याआधी दुसऱ्यांचे ड्राफ्ट वाचून सूचना देते. एकदा एक ड्राफ्ट आला, दोन वैरी रात्रभर एका बंद स्टेशनवर अडकतात, एकजण आजारी आहे, दुसरा त्याच्या खोकल्यावरून वेळ मोजतो, पहाटे पहिली गाडी येते आणि दोघंही तिच्यात चढत नाहीत. वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मी वाचलंय, आणि वाचलंच होतं, वेगळ्या फॅन्डममध्ये, ट्रेनच्या जागी जहाज होतं आणि खोकल्याच्या जागी ताप. मी तिला लिंक पाठवली. ती म्हणाली हो, माझी आवडती फिक आहे ती, म्हणूनच तर लिहिलं. लपवायचा तिचा काही इरादा नव्हता बिचारीचा, फक्त सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अडकून पडणं हा ट्रोप झाला, त्याचं कुणाला काही नाही. पण आजारपणावरून वेळ मोजणं आणि सुटकेची गाडी सोडून देणं, आणि तेही त्याच क्रमाने, ही त्या पहिल्या लेखिकेची कमाई आहे, त्या गोष्टीचा जीवच त्यात आहे. कायदा याला काय म्हणेल ते जाऊ दे, लिहिणाऱ्याला आतून माहीत असतं आपण काय उचललंय ते.

आणि उपाय किती सोपा आहे बघा. एओथ्रीवर (आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची साइट) पोस्ट करताना एक पर्यायच आहे, की ही गोष्ट अमुक गोष्टीवरून सुचली आहे, तिथे लिंक टाकली की मूळ लेखिकेला सूचना जाते आणि तिने मान्य केलं की तिच्या गोष्टीखालीही तुमची गोष्ट दिसते. मिनिटाचं काम. तरी लोक करत नाहीत, आणि मला वाटतं ते लाजेमुळे, की लिंक दिली तर लोक जाऊन दोन्ही वाचतील आणि तुलना करतील. करू दे की. रीमिक्स, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीवरून नव्याने लिहिलेली गोष्ट, वाचायची मजाच त्यात आहे.

क्रेडिटवरून एवढा आरडाओरडा कशासाठी असं बाहेरच्यांना वाटतं. एओथ्री जी संस्था चालवते, ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स, ती 2007 पासून ना-नफा तत्त्वावर चालते, साइटवर जाहिराती नाहीत, आणि गोष्टीखाली पैसे मागायलाही परवानगी नाही. त्याच्याही आधी, 1967 मध्ये 'स्टार ट्रेक'च्या फॅन्सनी 'स्पॉकनेलिया' नावाचं झीन, म्हणजे हौशी अंक, काढलं तेव्हापासून हा सगळा हौसेचाच मामला आहे. म्हणजे दीड लाख शब्द लिहिणाऱ्या बाईला मिळतं काय, तर कुडोज (म्हणजे आवडलं म्हणून दिलेली पसंती), कॉमेंट आणि स्वतःचं नाव. त्यातलं नावही काढून घेतलंत तर तिच्याकडे उरलं काय. श्रीमंत लेखकाचं पात्र उसनं घेणं आणि हिचा परिच्छेद घेणं मला म्हणूनच एका मापाचं वाटत नाही, आणि यातलं दुसरं जास्त गंभीर वाटतं, लोक नेमकं उलटं समजतात.

पैसा आला की मात्र सगळंच फिरतं. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' आधी 'ट्वायलाइट'ची फॅनफिक होती हे आता सगळ्यांना माहीत आहे, नावं बदलून 2011 मध्ये पुस्तक आलं. असं करण्याला माझा सरसकट विरोध नाही, लिहिणं त्या लेखिकेचंच होतं. पण फॅनफिक प्रकरणागणिक पोस्ट होत असताना वाचक चुका सांगतात, पुढे काय व्हावं ते सुचवतात, आणि मग एक दिवस गोष्ट साइटवरून गायब होते आणि दुकानात दिसते. निदान आभाराच्या पानावर त्या लोकांना जागा द्यावी. आणि जे लोक दुसऱ्याची फिक छापून, बाइंड करून ऑनलाइन विकतात, लेखिकेला न विचारता, त्यांच्याबद्दल तर काय बोलायचं. स्वतःच्या कपाटासाठी एक प्रत बांधणं गोड आहे, विकणं नाही. वर त्यामुळे कायद्याच्या झळा बसायची वेळ आली तर त्या लेखिकेलाच बसणार.

हल्ली नवीन सुरू झालंय, अर्धवट राहिलेली फिक एआयला भरवायची आणि शेवट लिहून घ्यायचा. अरे, तिने थांबवली असेल, तिची मर्जी. तुम्हाला शेवट हवाच असेल तर स्वतः बसून लिहा, वाईट लिहा पण तुम्ही लिहा, आणि वर लिंक द्या.

लिंक देताना अजून एक भानगड असते ती म्हणजे लेखिका सापडतच नाही. अकाउंट बंद, ईमेल परत येतो, किंवा गोष्ट ऑर्फन केलेली असते, म्हणजे गोष्ट तशीच आणि नाव गेलेलं. काहीजणी प्रोफाइलवर आधीच लिहून ठेवतात की भाषांतर, पॉडफिक (वाचून रेकॉर्ड केलेली गोष्ट), रीमिक्स काहीही करा, विचारू नका, फक्त लिंक द्या, आणि असं जास्त जणींनी लिहावं असं मला मनापासून वाटतं. जिथे असं काही लिहिलेलं नाही आणि विचारायलाही कुणी नाही, तिथे मी भाषांतर करत नाही, कारण त्यात शब्दन् शब्द तिचा असतो. सुचलेलं आपलं काही असेल तर लिहिते, लिंक त्या गोष्टीची देते. ऑर्फन केलेल्या गोष्टीला जुनं नाव मला आठवत असलं तरी ते मात्र टाकत नाही, तिने मुद्दाम काढलंय ते.