सकाळी जाऊन संध्याकाळी परत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. बारावीचा निकाल लागला तेव्हा पुण्याला मामाकडे राहून शिकावे अशी एक सूचना आली होती. अण्णांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "पुण्याला नको. नाशिकला रोज जाऊन येणार असशील तर शीक." चांदोरीहून सकाळच्या एस.टी.ने निघायचे आणि दिवे लागायच्या आत घरी यायचे, एवढ्या अटीवर नाशिकच्या एच.पी.टी. कॉलेजात माझे नाव दाखल झाले.

कॉलेजच्या शताब्दीचा विचार करताना मला आधी ती अट आठवते. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ची. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ साली नाशकात कॉलेज सुरू केले. तोवर इकडच्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे तर पुणे नाहीतर मुंबई. म्हणजे खोली आली, खानावळ आली, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर आली. ऐपत असेल तोच जाई, आणि मुलींचा तर विषयच निघत नसे. हंसराज प्रागजी ठाकरसी यांचे नाव मिरवणाऱ्या या कॉलेजाने निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या घरांना काय दिले, असे कोणी विचारले तर मी सांगेन की मुलगी संध्याकाळी घरी येईल एवढ्या अंतरावर बी.ए. आणून ठेवले. माझ्यासारख्या कितीतरी जणींचे शिक्षण तेवढ्यावरच झाले.

आम्ही गाडीने येणाऱ्या मुली सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून शरणपूर रोडने कॅनडा कॉर्नरपर्यंत चालत यायचो आणि तिथून कॉलेज रोडला लागायचो. पावसाळ्यात पहिल्या तासाला साड्यांचे काठ ओलेच असत.

कुसुमाग्रज या कॉलेजचे विद्यार्थी होते, वसंत कानेटकर इथे इंग्रजी शिकवत असत. याबद्दल कॉलेजच्या या शताब्दी अंकात अधिकारी माणसे लिहितीलच. आम्हाला त्याचा केवढा अभिमान होता! तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, तेव्हा नाशकातच राहत होते, आणि आपण ज्यांची कविता शिकतो ते याच गावात आहेत या विचाराने मराठीच्या तासाला वेगळाच हुरूप असे.

मला मात्र लिहायचे आहे ते आमच्या मराठीच्या बाईंबद्दल. एस.वाय.ला लोकसाहित्य शिकवताना त्यांनी विचारले, "जात्यावरच्या ओव्या कोणाच्या घरी अजून म्हणतात?" वर्गात शहरातल्या मुली बऱ्याच होत्या. मी हात वर केला. आजीला ओव्या येत होत्या. पिठाची गिरणी गावात येऊन जमाना झाला तरी डाळ भरडताना ती म्हणायची. बाई म्हणाल्या, "लिहून आण. आणि हे बघ, भाषा सुधारायची नाही. आजी म्हणते तशीच लिहायची."

मग रोज रात्री जेवणे उरकली की मी वही घेऊन आजीजवळ बसू लागले. नुसते सांग म्हटले की तिला आठवत नसे. हात फिरल्याशिवाय ओवी येईना. शेवटी तिने जाते पुढे ओढले, रिकामेच फिरवायला लागली आणि मग एकामागून एक ओव्या निघाल्या. भावावरच्या, माहेरच्या वाटेवरच्या, गोदावरीच्या पुरावरच्या. एकाच ओवीत ती कधी "गंगा" म्हणे, कधी "गोदाबाई". मी दोन्ही लिहिले.

बाईंनी वही आठवडाभर ठेवून घेतली. परत दिली तेव्हा पानापानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणे होती: हे रूप आपल्या भागातच ऐकू येते, इथे यमक कुठे पडते बघ, ही ओळ आजीला पुन्हा विचार. आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या तोंडचे शब्द बाईंनी ज्ञानेश्वरीच्या ओवीशेजारी फळ्यावर लिहिले आणि दोन्हींची चाल वर्गाला म्हणून दाखवली. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा आजीने एवढेच विचारले, "बाईंना जमली का चाल?"

पुढे मी शिक्षिका झाले. मुलांना बोलीतले शब्द खोडायला मी कधी सांगितले नाही. ती शिस्त याच वर्गातली आहे.

शताब्दीनिमित्त एक विनंती करते. आता एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, पण तालुक्यातल्या मुलीचा दिवस आजही गाडीच्या वेळेवरच चालतो. तास संपल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ आम्ही स्टँडवरच्या बाकावर काढला. त्या मुलींसाठी वाचनकक्ष संध्याकाळच्या गाडीच्या वेळेपर्यंत उघडा ठेवता येईल का, याचा विचार व्हावा. दिव्याबत्तीचा आणि तिथे बसणाऱ्या माणसाचा जो खर्च येईल, त्यातला माझा वाटा मी दरवर्षी पाठवीन. माझ्या वेळच्या गाडीवाल्या मैत्रिणींशी बोलले आहे, त्याही तयार आहेत.